पुठ्ठ्यावरची यादी

गड्ड्याचे पाळणे अजून उतरायचे होते तेव्हा
कारखान्यातून बाद झालेला जकार्डचा पुठ्ठा मी घरी आणला
आणि भोकांच्या मधल्या जागेत
बारीक अक्षरात छत्तीस पुस्तकांची नावं लिहिली.
महिन्याला तीन. हिशेब सोपा होता.
हिशेब हेच तर माझं काम:
किती डझन टॉवेल, किती वजन, किती दुय्यम.

आज एकोणतीस डिसेंबर.
खूण केलेली चौदा.
उघडी पडलेली पाच.
एक उशीपाशी, एक डब्याच्या पिशवीत,
एक कोनाड्यात काडेपेटीशेजारी,
एक शिलाई मशीनवर पालथं,
पाचवं कुठं ठेवलं ते आठवत नाही.
एकात एसटीचं तिकीट, एकात लाइटबिल,
आणि सगळ्यात जाड कादंबरीत चिन्नम्मानं दिलेलं
कात्रीनं कापलेलं तेंदूचं पान.

पाच गोष्टी एकदम चालल्या की माणसं घरं बदलतात.
पहिल्यातला न्यायाधीश
तिसऱ्यातल्या विधवेच्या ओसरीवर चहा पितो,
प्रवासवर्णनातला बर्फ वितळून
बांधाच्या भांडणात शिरतो,
आणि मी मागं जाऊन बघते,
हा तर मेला होता ना?

चिन्नम्मा उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळते.
"काय वाचालीस एवढं? परीक्षा आहे का?"
"यादी आहे."
"कुणी दिली?"
"मीच."
ती दोऱ्याला गाठ मारते.
तिच्या हजारातल्या पन्नास रोज छाट जातात,
छाटणारा कारण सांगत नाही.
"मग तुझी छाट कोण काढतं?"

काल मी लबाडी केली.
वाचनालयातून सगळ्यात बारीक तीन आणली:
चाळीस पानी, बासष्ट पानी,
आणि एक, ज्यात निम्मी चित्रंच आहेत.
व्यंकटेश बुरा चष्म्यावरून बघत म्हणाले, "वर्षअखेर का?"
डिसेंबरात बारीक पुस्तकं टिकतच नाहीत म्हणे.

पाणी पाचव्या दिवशी आलं, रात्री पावणेतीनला.
एका हातात नळी, एका हातात कादंबरी,
बॅटरी दातांत.
कादंबरीतली बाई बारा वर्षांनी
भावाच्या दारात उभी होती,
कडी वाजवू की नको.
पिंप कधी भरलं कळलंच नाही.
नळी उसळली
आणि तिनं हात उचलायच्या आत
बाई, दार, कडी,
सगळं चिंब.

सकाळी गच्चीवर दोरीला
चादर, श्रावंतीचा गणवेश,
आणि खाली विटेवर फुगून दुप्पट झालेली कादंबरी.
तेंदूचं पान तेवढं मजेत; त्याला ओलंच राहायचं असतं.
भिजलेलं पुस्तक घाई चालू देत नाही.
एक पान सुटतं,
तिथं वर्तमानपत्राचा तुकडा सरकवायचा,
थांबायचं.
तोवर सुटलेलं पान वाचायचं,
दुसरं करणार काय?
तीस तारीख अशी गेली.
एकतीसला रजा टाकली.
बारीक तिघं पिशवीतच राहिली,
पाचवं सापडलं: कणकेच्या डब्यावर.

मधेच गुर्रम मिस्त्री आठवले.
नवीन असताना मी विचारलं होतं,
पुठ्ठ्यावर एवढी जागा कोरी का सोडता?
म्हणाले, भोक असेल तिथला धागा उठतो,
नसेल तिथला खाली बसतो.
सगळीकडं पाडलीस तर पुठ्ठा नाही पोरी,
चाळणी होते.
तेव्हा वाटलं होतं, म्हातारा टॉवेलाबद्दल बोलतोय.
टॉवेलाबद्दलच बोलत असेल.

रात्री सात रस्त्याच्या बाजूला फटाके वाजले.
बाई आत गेली होती,
भाऊ घरी नव्हता,
आणि पुढची ऐंशी पानं अजून ओली होती.
चिन्नम्माला मराठी वाचता येत नाही.
तिनं विचारलं, "माझं पान कुठवर आलं?"
मी दाखवलं.
विड्यांचा कट्टा चाचपावा तशी
तिनं उरलेली जाडी दोन बोटांत धरली.
"इतकं आहे होय अजून," ती म्हणाली,
"बरंय की."